तेरा नंबरची जागा

"तेरा खंय गेलो?" धुरी काका स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, आणि हँगरमधल्या सगळ्यांचे हात होते तिथेच थांबले.

सकाळचे साडेआठ झाले होते. काकांच्या पुढ्यात त्यांची हत्यारांची पेटी उघडी होती. आमच्याकडे अशा पेटीत जाड काळा स्पंज बसवलेला असतो आणि प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच त्यात कापलेली असते. पान्याच्या खाचेत पाना, पकडीच्या खाचेत पकड, प्रत्येकावर नंबर कोरलेला. विमानाला हात लावण्याआधी मोजायचं, काम संपलं की पुन्हा मोजायचं. एक खाच रिकामी राहिली तरी विमान जमीन सोडत नाही, मग बाहेर कोणी का खोळंबलेलं असेना. विसरलेला एवढासा पाना उडत्या विमानात कुठल्या तारेवर जाऊन बसेल, ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

तेरा नंबरचा आरसा होता. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा, लांब दांड्याचा. जिथे हात पोचतो पण डोळा पोचत नाही अशा सांध्यात घालून बघायचा.

आणि त्या दिवशी बाहेर खोळंबलेलं कोणी लहानसहान नव्हतं. गोव्याच्या किनाऱ्यापासून नव्वद किलोमीटरवर, भर समुद्रात, एक अख्खी विमानवाहू नौका आमच्यासाठी वाऱ्याकडे तोंड करून चालत होती. बारा वाजेपर्यंत ती आमची, त्यानंतर ती उत्तरेला दुसऱ्या कामावर जाणार. पुढची पाळी थेट जानेवारीत.

आमचं विमान म्हणजे नौदलासाठी इथेच घडवलेलं लढाऊ विमान. त्याचा जमिनीवरचा भाऊ आधीच उडत होता. लोकांना वाटायचं, त्यालाच निळसर रंग दिला की झालं नौदलाचं. पण जमिनीवरच्या विमानाला उतरायला कोसभर धावपट्टी मिळते, समुद्रावरच्याला शंभर मीटर, आणि तीही हलणारी. म्हणून आमच्या विमानाचं नाक खाली वाकवलं होतं, वैमानिकाला डेक दिसावा म्हणून. पाय दणकट केले होते, कारण जहाजावर विमान अलगद टेकत नाही, ते चक्क आदळतं. शेपटीखाली एक पोलादी आकडा होता. डेकवर आडव्या ताणलेल्या तीन जाड तारांपैकी एकीत तो अडकला, तर ताशी अडीचशे किलोमीटरने आलेलं विमान दोन-अडीच सेकंदांत उभं राहतं. नाही अडकला तर पुन्हा आकाशात. आमच्या हवाई तळाच्या एका कोपऱ्यात आम्ही जहाजाच्या डेकची नक्कल बांधली होती. एका टोकाला विमानाने झेप घ्यायची वर वळलेली चढण, दुसऱ्या बाजूला तारा. त्या तारांत विमान एकतीस वेळा अडकवून झालं होतं. खऱ्या जहाजावर आज पहिल्यांदा.

माझ्याकडे तो आकडा होता. मी शलाका, मिरजेची, वय वर्षं सव्वीस, चमूतली एकुलती एक बाई आणि सगळ्यांत नवी. आकड्याचा प्रत्येक सांधा बघून कागदावर सही करायची, हे माझं काम.

धुरी काका वेंगुर्ल्याचे. नौदलात चौदा वर्षं ते जुन्या विमानवाहू नौकेच्या डेकवर होते, तारांवर. तारेला ते कधी तार म्हणाले नाहीत, कायम दोरी. चौदा वर्षं त्यांनी त्या दोरीची राखण केली, नि मग आमच्याकडे मेकॅनिक म्हणून आले. चार हजारांवर विमानं दोरीत अडकताना पाहिली असं ते सांगायचे, आणि सगळी परक्यांनी बनवलेली. आपल्या हातांनी जुळवलेलं विमान एकदा दोरीत अडकताना बघायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी गाजावाजा करून कधी सांगितली नाही. पण चमूचे प्रमुख बोडस सरांनी हेलिकॉप्टरमधली स्वतःची जागा त्यांना दिली, तेव्हा काका उठून बाहेर गेले आणि बराच वेळ नळावर तोंड धूत राहिले.

तीन दिवसांनी ते निवृत्त होणार होते. एकदा फाटकावर ओळखपत्र जमा झालं की जहाजावर त्यांना कोण घेणार? म्हणजे आज, नाहीतर कधीच नाही. त्या सकाळी ते घोटून दाढी करून आले होते. गळ्यात जुन्या जहाजावरचा डेकवर घालायचा गॉगल होता. त्याचा पट्टा त्यांनी नवा शिवला होता. नऊ वाजता हेलिकॉप्टर त्यांना घेऊन निघणार होतं आणि मागून आमचे वैमानिक, कमांडर थॉमस, विमान घेऊन.

आणि तेरा नंबरची जागा रिकामी होती.

तो आरसा सकाळी मी घेतला होता, हे सांगायला हवं. माझ्या आरशाला तडा गेला होता. आमच्यात दुसऱ्याच्या पेटीतलं काही घेतलं, तर त्या खाचेत आपला पितळी बिल्ला ठेवायचा. बिल्ल्यावर आपला नंबर असतो, म्हणजे विचारत फिरावं लागत नाही. माझा नंबर सत्तावीस. पण काका चहाला गेले होते, माझे हात ग्रीसने माखलेले होते आणि काम दोन मिनिटांचं होतं. बिल्ला काही मी ठेवला नाही. सांधा बघितला, तेवढ्यात बोडस सरांनी सहीसाठी हाक मारली, मी गेले, सही केली, परत आले आणि आरसा जागेवर ठेवला. हे मला स्वच्छ आठवत होतं. खाचेत तो बसल्याचा आवाजही आठवत होता. मी परत ठेवलाच आहे, तर मग मी घेतला होता हे सांगून काय उपयोग, असं मी स्वतःला समजावलं. बिल्ला ठेवला नव्हता हे कळेल, ही खरी भीती होती.

काकांनी सगळ्यांना खिसे बघायला लावले. मीही चाचपले. वरचे दोन, बाजूचे दोन. पोटरीवरच्या खिशात सकाळी सही केलेल्या कागदांची घडी होती, ती हाताला लागली.

कोणीतरी हळूच सुचवलं की आरसा काल फुटला, जमा केला, असं लिहून टाकावं. विमान उडू दे, मग शोधू. बोडस सर मागे वळले. त्यांनी काकांकडे पाहिलं. त्या क्षणी सगळं काकांच्या हातात होतं. पेटी त्यांची, सही त्यांची, आणि हेलिकॉप्टरचा पंखा बाहेर फिरायला लागला होता.

"सकाळी मीच मोजलंय. होतो," काका म्हणाले. "पोटात आरसो घेवन थॉमस दोरयेर उतारतलो? माका जमाचा नाय ता."

ते फळ्याकडे गेले आणि विमानाच्या नावापुढची हिरवी पाटी काढून लाल पाटी त्यांनी स्वतःच्या हाताने लावली. बाहेर हेलिकॉप्टरचा पंखा थांबला.

बोडस सरांनी ठरवलं, आधी जमीन बघायची. तिथे नाही मिळाला तर विमानाची झाकणं उघडायची. झाकणं उघडली की पुन्हा बसवून तपासायला दोन तास, म्हणजे आजचा दिवस संपला. तेव्हा सगळी भिस्त जमिनीवर. आम्ही हँगरपासून धावपट्टीपर्यंत ओळ धरली. ही आमची रोजचीच रीत. खांद्याला खांदा लावून सगळ्यांनी चालायचं, खडा दिसला खडा, खिळा दिसला खिळा, उचलायचा. त्या ओळीत साहेब आणि झाडूवाला एकाच रांगेत असतात. माझ्या उजवीकडे कमांडर थॉमस, उड्डाणाचा पोशाख घालून मेच्या उन्हात घामाघूम झालेले. डावीकडे काका. लहान पोराच्या डोक्यातल्या उवा बघाव्यात तसे ते जमीन बघत चालले होते. गळ्यातला गॉगल पुढे लोंबत होता.

"काखेत कळसो नि गावाक वळसो," ते मध्येच म्हणाले. "खंय तरी जवळच आसतलो बघ."

थोडं पुढे गेल्यावर मी एक खडा उचलायला वाकले आणि पोटरीला काहीतरी टणक टोचलं.

मी हात घातला. कागदांच्या घडीच्या आत काच होती. थंड, गोल. दांडा कागदांत नीट गुंडाळला गेला होता. सही करताना माझ्याच हाताने मी त्याला गुंडाळलं होतं, आणि पेटीत परत ठेवली होती ती उजेडासाठी आरशाबरोबर घेतलेली, शेजारच्या खाचेतली बॅटरी. आवाज तिचा होता.

मी घड्याळ बघितलं. दहा वाजून वीस मिनिटं.

तेव्हा बोलले असते तर? तोंड उघडायचं आणि सांगायचं, काका, सापडला. एवढंच तर होतं. पण बिल्ला न ठेवता घेतलं, विचारलं तेव्हा सांगितलं नाही आणि विमान अडवून ठेवलं, या तिन्ही गोष्टी एका वाक्यात बाहेर येणार होत्या. अशा माणसाला आमच्याकडे विमानाला पुन्हा हात लावू देत नाहीत. आणि बाई घेतली की असंच होणार, हेही कोणीतरी म्हणणार होतं. मी ठरवलं, त्या पांढऱ्या खांबापाशी सांगते. खांब आला आणि गेला. मग ठरवलं, त्या पाण्याच्या टाकीपाशी. टाकीही गेली. थॉमसनी काही विचारलं, त्याला मी नुसती मान हलवली. वाटेत टाकून द्यावा म्हटलं, तर दोन्ही बाजूंना माणसं. काका वाकून वाकून खडे गोळा करत होते आणि मी त्यांच्या शेजारून त्यांचा आरसा खिशात घेऊन चालले होते.

ओळ संपली तेव्हा दहा पन्नास झाले होते. बोडस सरांनी झाकणं उघडायला सांगितलं. पहिला स्क्रू फिरला आणि मला कळलं की आता सांगूनही उपयोग नाही.

पुढचं झटपट सांगते, कारण ते सांगताना अजून लाज वाटते. सगळे विमानाभोवती असताना मी आरसा विमान ओढायच्या ट्रॉलीवर, रबरी चटईखाली सरकवला. तिथे कोणी बघेना. शेवटी पावणेबाराला मीच म्हणाले, ट्रॉली बघितली का? आरसा सापडला तेव्हा माणसांनी टाळ्या वाजवल्या. आज जमत नाही, असं बोडस सरांनी जहाजाला कळवलं. जहाजाने शुभेच्छा दिल्या आणि बारा वाजता तोंड उत्तरेला वळवलं.

वहीत नोंद झाली: धुरी यांचे हत्यार ट्रॉलीवर राहिले. काकांनी खाली सही केली. मग आरसा शर्टाला पुसला, खाचेत ठेवला आणि त्याच्याकडे बघत उभे राहिले. त्यांनी उभ्या आयुष्यात ट्रॉलीवर हत्यार ठेवलेलं मी पाहिलं नव्हतं. कोणीच पाहिलं नव्हतं.

"वय झाला, बाय," ते मला म्हणाले. "कधी ठेवलंय, काय आठवनाच नाय."

मी तेव्हाही बोलले नाही.

एकतीस तारखेला शाल-नारळ झाला. बोडस सर चांगलं बोलले. निघताना काकांनी गळ्यातला गॉगल काढून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "हो ठेव तुका. तू जहाजार जातलंस तेव्हा घाल." मी तो घेतला. नको म्हणायला काहीतरी कारण द्यावं लागलं असतं.

जानेवारीत ते झालं. मी डेकवर होते. लांबवर एक ठिपका दिसला, मग त्याला पंख आले, मग खाली लोंबणारा माझा आकडा दिसला. विमान डेकवर आदळलं तसा थॉमसनी इंजिनाचा जोर पुरा वाढवला, कारण आकडा चुकला तर पुन्हा उडायला जोर हवा. आकडा चुकला नाही. दुसऱ्या तारेत अडकला. एवढं मोठं धूड दाव्याचा हिसका बसलेल्या वासरासारखं जागच्या जागी थांबलं. सगळे ओरडत होते, बोडस सर रडत होते. मी गॉगल घातला नव्हता, नुसता खिशात मुठीत धरून उभी होते. मला तिथे काका हवे होते. त्या गर्दीत माझ्या डावीकडे त्यांच्याएवढी जागा मी उगाचच सोडून ठेवली होती.

मग सात वर्षं गेली. गोव्याहून वेंगुर्ला काही लांब नाही, पण मला ते लांबच पडत राहिलं. दर दिवाळीला काकांचा फोन यायचा. मी बोलायचे, त्यांची तब्येत विचारायचे, आणि विमानाचा विषय निघाला की काहीतरी काम काढून फोन ठेवायचे. ते मात्र दर वेळी म्हणायचे, येऊन सगळं सांग एकदा. माझी बदली बंगळूरला झाली तेव्हा कुठे पाय उचलला.

काका बंदराजवळ एका शेडमध्ये होड्यांची इंजिनं दुरुस्त करत होते. केस पार पिकले होते, हात तेच होते. मागच्या भिंतीवर लाकडी फळा होता आणि त्यावर रंगाने प्रत्येक पान्याची आकृती काढलेली. कोळ्यांना पाना न्यायचा असेल तर त्याच्या जागी काहीतरी ठेवून जावं लागे. बिल्ले कुठून आणणार? एका खिळ्याला चक्क रबरी चप्पल लटकत होती. चौदाचा पाना नेलेला माणूस एका चपलेवर गेला होता.

काकांनी चहा मागवला. मी बसायच्या आधीच सांगून टाकलं. बिल्ला, कागदाची घडी, ट्रॉली, सगळं. गॉगल त्यांच्यासमोर ठेवला.

त्यांनी गॉगलचा पट्टा बोटांनी चाचपला. मग त्यांनी विचारलं, "किती वाजता गावलो तुका?"

"दहा वाजून वीस मिनिटांनी."

त्यांनी बोटांवर मोजलं. "धा-चाळीसाक हेलिकॉप्टर सुटला असता. साडेआकराच्या आत मी जहाजार. पावणेबाराक विमान." मग बोटं मिटून म्हणाले, "झाला असता."

"हो काका."

"माका वाटला, माझो हात म्हातारो झालो. सात वर्सां परत्येक पानो दोनदोनदा मोजतंय मी."

काही हरकत नाही, असं ते म्हणाले नाहीत. म्हणावं अशी माझीही अपेक्षा नव्हती, असं मी प्रवासभर स्वतःला बजावलं होतं, पण ते खोटं होतं. मला ते हवं होतं. चहा आला. त्यांनी माझा कप माझ्याकडे सरकवला आणि जाळं शिवायची दोरी घेऊन ती जमिनीवर आडवी टाकली.

"आता सांग. कसा उतारला ता?"

मी सांगू लागले. ठिपका, पंख, आकडा. ते मध्ये मध्ये अडवत होते. वारा कुठून होता, विमान मधोमध आलं की डावीकडे, दोरी किती ताणली गेली. मी दोरी ओढून दाखवली, ते म्हणाले, थोडी कमी, मी कमी केली. त्यांचे डोळे त्या दोरीवर असे लागले होते की मला वाटलं, चला, थोडंतरी भरून निघतंय. विमान थांबल्यावर आकडा सुटला, इथपर्यंत मी आले.

"मगे दोरी परत जाग्यार येवक कितको वेळ लागलो?"

मी थांबले. खूप आठवून पाहिलं. आकडा सुटला, विमान पुढे गेलं, आम्ही सगळे त्याच्यामागे धावलो होतो. मागे तार सरपटत आपल्या जागी गेली असणार. जातेच.

"मी बघितलं नाही, काका. मी विमान बघत होते."

"होय," ते म्हणाले. "सगळे विमानच बघतत." त्यांनी वाकून जमिनीवरची दोरी गोळा केली. "मी दोरी बघली असती."

सात वर्षं मला वाटत होतं की मी त्यांचं विमान हिरावलं. त्यांना काय बघायचं होतं ते मला तेव्हा कळलं, आणि ते मला तिथे असूनही दिसलं नव्हतं. आता ते त्यांना कोणीच सांगू शकणार नव्हतं.

गॉगल त्यांनी घेतला नाही, माझ्याच पिशवीत परत घातला. पुढच्या वेळी घाल म्हणाले. तेवढ्यात एक कोळी पाना परत करायला आला. त्याने खिळ्यावरची चप्पल काढून पायात घातली आणि पाना जागेवर अडकवून निघून गेला. काका उठले आणि फळ्यावरचे सगळे पाने मोजू लागले. मोजून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजायला त्यांनी बोट उचललं, माझ्याकडे बघितलं, आणि बोट खाली घेतलं.